विहिरीतला दुसरा माणूस

दत्तू नगराळेच्या पत्राला विश्वनाथ लघाट्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं होळीच्या आसपास. आता भोपाळच्या आनंद नगरात, घराजवळच्या बाजारात, कैऱ्यांचे ढीग लागले होते. ज्या माणसानं उभ्या नोकरीत जवानांना बजावलं, की पत्राला उत्तर द्यावं, नाहीतर समोरचा आपल्याला मेलेला धरतो, त्याच्याच हातून एक साधं उत्तर होईना. बरं, पत्रात भांडण नव्हतं की मागणं नव्हतं. तक्रार असती तर सोपं गेलं असतं. दत्तूनं आनंद झाला म्हणून लिहिलं होतं.

लघाटे फौजेत होते, पण बंदुकीचे नव्हे, खडूचे. घराणं ग्वाल्हेरचं, वडील शाळामास्तर. मुलगा फौजेत गेला तोही एज्युकेशन कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या शिक्षण विभागात, हवालदार म्हणून. जवानांना लिहा-वाचायला शिकवायचं, नकाशा बघायला शिकवायचं, परीक्षेला बसवायचं आणि ज्यांचा हात पेनावर बसलेला नाही त्यांची पत्रं लिहून द्यायची. त्या पत्रांची एक रीत होती. जवान सांगेल ते त्याच्याच तोंडानं लिहायचं. ‘तुमचा मुलगा म्हणतो’ असं लिहिलं की गावाकडची म्हातारी घाबरायची, हा स्वतः का बोलत नाही म्हणून. तेव्हा ‘मी खुशाल आहे’, ‘मला ताप नाही’, ‘माझी काळजी करू नये’. लघाट्यांनी जन्मात स्वतःसाठी जेवढं ‘मी’ म्हटलं असेल, त्याच्या कितीतरी पट ते दुसऱ्यांच्या वतीनं म्हटलं होतं.

पत्नी कुसुम गेल्यावर ते मुलाकडे, गिरीशकडे, भोपाळला आले आणि एका खोलीत पुस्तकांच्या आड जाऊन बसले. सून स्वरदा जिभेची तिखट, पण मनानं चांगली. एक दिवस म्हणाली, “बाबा, तुम्ही पुस्तकांशी बोलायला लागलात. त्यापेक्षा कुत्रा आणू. तो निदान मान तरी हलवेल.”

कोलार रोडच्या पुढे ‘सोबती’ नावाची संस्था होती. रस्त्यावरची जखमी कुत्री उचलायची, बरी करायची आणि निवृत्त फौजींच्या घरी द्यायची. संस्था चालवणारी संपदा मूळ इंदूरची. ती घर बघायला आली तेव्हा बरोबर कुत्राही होता. तांबूस रंगाचा, मध्यम चणीचा. कुणीतरी उकळतं तेल टाकलं होतं, त्यामुळे पाठीवर तळहाताएवढ्या जागेत केस उगवत नव्हते. संस्थेत सगळ्या कुत्र्यांना फौजी हुद्दे होते. याचं नाव कर्नल.

“हवालदारानं कर्नलला ‘बस’ म्हणायचं कसं?” लघाट्यांनी हळूच विचारलं.

संपदा खळखळून हसली. लघाटे हसले नाहीत. त्यांनी कुत्र्याकडे वळून सांगितलं, “बसा साहेब.” कुत्रा काही बसला नाही.

“कर्नलच आहे तो,” स्वरदा म्हणाली, “हवालदाराचं कशाला ऐकेल?”

मग चहा झाला आणि संपदानं विचारलं, “काका, फौजेतली कुत्र्याची एखादी आठवण सांगा ना. आमच्या कार्यक्रमाला उपयोगी पडेल.”

लघाट्यांपाशी स्वतःची अशी आठवण नव्हती. असली तरी ती कुणी ऐकावी अशी असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. होती ती दत्तूची. श्रीलंकेत आपली फौज गेली होती तेव्हाची. दत्तू जाफन्याकडून थेट दक्षिणेतल्या फौजी इस्पितळात आला, तिथे लघाट्यांची नेमणूक होती. अक्षरं त्यानं लघाट्यांकडेच गिरवलेली. पण आता त्याच्या हातांना असा कंप भरलेला की पेन धरवेना. बायकोला पत्र हवं होतं. तो बोलला आणि लघाट्यांनी लिहिलं, रीतीप्रमाणे ‘मी’ म्हणून. ते पत्र त्यांना आजही तोंडपाठ होतं.

“आमचा एक जवान होता, दत्तू म्हणून,” त्यांनी सुरुवात केली. नेमका तेव्हाच संपदाचा फोन वाजला आणि ते वाक्य त्या आवाजात बुडालं. ती दाराशी गेली, दोन शब्द बोलून परत आली आणि मोबाईल रेकॉर्डिंगवर टाकून समोर ठेवला. तोवर लघाटे डोळे मिटून त्या पत्रात शिरले होते. “मी कोरड्या विहिरीत पडलो. दोघं सोबती माझ्या अंगावरच पडले, ते मेलेले होते. वर लोक शोधत होते. रात्री विहिरीच्या काठावर एक कुत्रा येऊन बसला. आभाळात त्याचं तोंड तेवढं दिसायचं. मी त्याच्याशी रात्रभर मनात बोललो. तो उठून गेला असता तर मी ओरडलो असतो, आणि ओरडलो असतो तर संपलो असतो.”

डोळे उघडले तेव्हा संपदा रडत होती. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दत्तूसाठी रडते आहे, किती चांगली मुलगी, असं लघाट्यांना वाटलं. जाताना ती कर्नलला तिथेच ठेवून गेली.

खरा प्रकार कळला तो पिपलानीच्या सभागृहात, कार्यक्रमाच्या दिवशी. निवेदकानं त्यांना मंचावर बोलावलं आणि विहिरीची गोष्ट सांगितली. नाव लघाट्यांचं. पाठोपाठ संपदा बोलली, “आमची कुत्री आम्ही फक्त अशाच वीरांना देतो ज्यांनी प्रत्यक्ष लढाई भोगली आहे.” ‘नाही, नाही, थांबा’ असं सांगायला लघाट्यांनी हात वर केला. हात खांद्याच्या जरा वर गेला, शब्द काही आला नाही, आणि सभागृहाला वाटलं म्हातारा सलाम करतोय. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. नेमका तोच फोटो छापून कोलार रोडच्या चौकात मोठा फलक लागला, आणि तो मोबाईलवरही फिरला. खाली हिंदीत लिहिलं होतं, ‘कुएँ से लौटा सिपाही’.

सोमवारी जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी कर्नलला जुलाब झाले. मग गुरुवारी, असं ठरवलं. पण बुधवारपासून कर्नल त्यांच्या खाटेखाली झोपायला लागला. लघाटे पुस्तकाचं पान उलटायचे तेव्हा त्या आवाजानं त्याची शेपटी एकदा फरशीवर आपटायची. खरं सांगितलं की हा जाणार, हे लघाट्यांना मंचावरच समजलं होतं. लढाई न भोगलेल्याला कुत्रा नाही. कुसुम गेल्यापासून त्या खोलीत दुसरं कुणी श्वास घेत नव्हतं. ते गप्प राहिले. गप्प राहणं त्यांना जन्मभर चांगलं जमत आलं होतं.

आणि मग दत्तूचं पत्र आलं, हिंगणघाटजवळच्या त्याच्या गावाहून. अक्षर अजून थरथरतं, पण तारीख, मायना, समास, सगळं मास्तरांनी शिकवलं तसं.

‘आदरणीय मास्तर, स. न. वि. वि. नातवानं मोबाईलवर तुमचा फोटो दाखवला आणि खालचं वाचून दाखवलं. मी त्याला दोनदा वाचायला लावलं. मास्तर, तुम्हीही विहिरीत होते हे मला इतक्या वर्षांत कधी सांगतलं नाही. मी इस्पितळात रडत होतो तेव्हा तुम्ही नुसते लिहीत होते. माझंच मन हलकं व्हावं म्हणून तुम्ही आपलं सांगतलं नसेल. मला आजवर वाटे की असं फक्त माझ्यावरच आलं, म्हणून गावात कोणाला बोललो नाही. बायको गेली, तिलाही पुरतं सांगतलं नाही. आता वाटते आपण दोघं आहोत. फोटो पाहिल्यापासून रात्री झोप लागते. तुमची विहीर कोणत्या गावची ते कळवा. आपला, दत्तू.’

लघाट्यांनी ते पत्र उशाच्या पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक वाचायचं सोडलं.

शेवटी एका दुपारी ते स्वरदासमोर बोलले, सगळं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

“मग लिहून टाका ना, हो, मीपण होतो म्हणून. त्या माणसाला झोप लागतेय, बाबा. तुमचं काय जातं? कर्नलपण राहील.”

“त्यानं विहीर कुठली विचारलंय.”

“एवढी पुस्तकं वाचलीत. एक विहीर नाही खणता येत?”

लघाटे खोलीत आले. कागद घेतला. ‘प्रिय दत्तू, होय, मीही होतो,’ असं लिहिलं, आणि पुढचं पेन आपोआप धावायला लागलं. गावाचं नाव सुचलं. विहिरीच्या काठावर निवडुंग सुचला. अंगावर पडलेल्या सोबत्याच्या कमरेच्या पट्ट्याचं थंड बक्कल सुचलं. इतकं चांगलं त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. पानभर झाल्यावर त्यांनी वाचून पाहिलं आणि त्यांना शिसारी आली. दत्तूला वर्षानुवर्षं झोपू न देणारी ती जागा त्यांनी बसल्या जागी, पंख्याखाली, चहा पीत बांधून काढली होती. कागद त्यांनी फाडला आणि दुसऱ्या दिवशी कोलार रोडची बस धरली.

संपदा एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रागावायला तिला सवड नव्हती.

“काका, हे तुम्ही आत्ता सांगताय?”

“चूक माझी. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तो फलक काढावा लागेल.”

“फलक कशाला काढायचा? त्याच्यामुळे लोक कुत्री घरी न्यायला लागलेत. गोष्ट खोटी तर नाही ना? घडली आहे ना कुणासोबत तरी?”

“घडली आहे. पण दत्तूसोबत.”

“मग झालं तर. लोकांना काय फरक पडतो काका, कोण पडलं विहिरीत?” तिनं पट्टीची गाठ मारली. मग जरा थांबून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “पण कर्नलचं मात्र बघावं लागेल. आता मला माहीत झालंय ना. इथे कोलारमध्येच एक सुभेदार कुत्र्यासाठी थांबलेत, एक हात नाही त्यांना. त्यांचा हक्क आधी.”

“बरोबर आहे,” लघाटे म्हणाले. त्यांना खरंच बरोबर वाटलं, आणि म्हणून जास्तच लागलं. “नाहीतर असं करा, दत्तूला द्या. माणूस मनानं एकटा आहे.”

“कुठे असतात?”

“हिंगणघाटजवळ.”

“नाही हो काका. आपलं काम भोपाळपुरतंच.”

शनिवारी संस्थेची गाडी आली. स्वरदानं कर्नलची ताटली आणि पट्टा पिशवीत घालून दिला. कुत्रा गाडीत चढताना कुरकुरेल, मागे बघेल, असं लघाट्यांना वाटत होतं. पुस्तकांतून असंच वाचलेलं. पण आत दुसरा कुत्रा होता; कर्नल उडी मारून त्याला हुंगायला गेला आणि दार लागलं. गाडी रायसेन रोडला वळेपर्यंत लघाटे फाटकाशी उभे होते.

“आता तरी समाधान झालं?” स्वरदा म्हणाली. फाटकाची कडी लावता लावता ती आणखी तिखट बोलली, “मिळालं काय त्यातून? कुत्रा गेला, आणि तो फलक आहे तिथेच आहे.”

समाधान झालं नव्हतं. फक्त आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. लघाटे खोलीत जाऊन बसले आणि लिहू लागले. या वेळी पेन धावलं नाही. एकेका वाक्यापाशी ते अडत होते.

‘प्रिय दत्तू, आशीर्वाद. मी कुठल्याच विहिरीत नव्हतो. मी लढाई पाहिलेली नाही. फोटोखाली लिहिलं आहे ते तुझं आहे. ते मी कुणाला तरी सांगितलं, पत्र लिहायचो तसं ‘मी’ म्हणून सांगितलं, आणि लोकांनी ते माझं धरलं. पहिल्या दिवशी ती चूक होती. त्यानंतर मी गप्प राहिलो, कारण त्यामुळे मला एक कुत्रा मिळाला होता. तो आता गेला. फलक काढायला सांगितलं, तो त्यांनी काढला नाही. तुला सोबत मिळाली असं वाटलं आणि झोप लागू लागली. ती सोबत मी काढून घेतो आहे. दुसरं काही लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, हे मला माहीत आहे. तसं लिहून पाहिलं होतं. पण तू मेलेल्या दोघांच्या खाली पडून काढलेली रात्र माझी म्हणायला मी कोण? तिथे तू एकटाच होतास. माफी मागत नाही, कारण तू देऊन टाकशील. विश्वनाथ लघाटे.’

मजकुरात सांत्वनाचं एखादं वाक्य घालावं का, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. सुचलेली सगळी वाक्यं पुस्तकातली होती. मग पाकीट चिकटवलं.

पिपलानीच्या पोस्टाबाहेर रसाच्या गाडीपाशी दोघं-तिघं उभे होते. त्यातला एक त्यांच्याकडे निरखून बघत पुढे आला. “बाबूजी, आप वही कुएँवाले हैं ना? कोलार में फोटो लगा है.”

“नहीं,” लघाटे म्हणाले. “मैं नहीं था. वो कोई और था.”

माणूस सोबत्यांकडे वळून कौतुकानं म्हणाला, “देखा? असली फौजी ऐसे ही होते हैं. अपने मुँह से कभी नहीं बोलेंगे.” आणि टाच जुळवून त्यानं कडक सलाम ठोकला.

लघाट्यांचे दोन्ही हात पाकिटावर होते. ते त्यांनी तसेच ठेवले, आणि पाकीट पेटीत सारलं.