फिलोमिनाच्या चहाची चाचणी

“उकळतं पाणी दोनदा सिंकमध्ये फेकलं. रिकाम्या कपात दूध ओतलं. चहा तसाच टाकून सहा मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिली.” किलियनने लिहिलेलं मी त्यालाच मोठ्याने वाचून दाखवलं. “निष्कर्ष, गोंधळलेली. एकटी राहण्यास असमर्थ. हे तू लिहिलंस?”

“हो. जे दिसलं ते लिहिलं.” किलियन आमच्या वॉर्डातला नवा डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी डब्लिनहून आलेला. हातात कागदी पेल्यातली कॉफी होती.

“अरे शहाण्या, ती चहादाणी गरम करत होती! आधी गरम पाणी घालून ऊब द्यायची, ते फेकायचं, मग पत्ती घालायची. आपली चहादाणी स्टीलची, थंडगार, म्हणून तिने दोनदा केलं. दूध कपात आधीच घालतात. आणि सहा मिनिटं ती चहा मुरायची वाट बघत होती. अख्ख्या मेयो जिल्ह्यात कुठलंही शेंबडं पोर सांगेल तुला. तुझी आजी कसा करते चहा?”

“आजीकडे कॉफीचं मशीन आहे.” तो ओशाळला.

“फिलोमिना कुठे आहे आता?”

“शनिवारी वृद्धाश्रमात हलवलं. हार्नीसाहेबच म्हणाले, बेड रिकामे करायचेत, ती चहाची चाचणी तूच उरकून टाक.”

“ती काही बोलली?”

“म्हणाली, चहा फक्कड झालाय, तुम्ही का पीत नाही?”

 

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, गेली सव्वीस वर्षं. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे फिजिओच ना? नाहीतर मला नोकरी लावून देणारी बाई समजतात. फिलोमिना गेराटीनेही पहिल्या दिवशी तेच केलं. “ब्याऐंशी वर्षांची आहे मी, पोरी. आता कुठे चिकटवणार मला?” पक्षाघाताने तिचा डावा हात गेला होता. मी विचारलं, “घरी सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?” ती म्हणाली, “चूल पेटवते. मग कोंबड्या. मग चहा.” मी म्हटलं, “मग तेच आपलं काम. तेच परत शिकायचं.” तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “या इस्पितळात कुणीतरी अकलेचं बोललं एकदाचं.”

पाच आठवडे आम्ही खपलो. खिळे ठोकलेल्या फळीवर बटाटा रोवून एका हाताने सोलायचा. सरावाच्या लोखंडी चुलीचं दार गुडघ्याने धरून पीटचे, म्हणजे आमच्याकडच्या जळाऊ मातीचे, तुकडे आत सारायचे. ती शिव्या द्यायची, मला, बटाट्याला आणि मधूनमधून संत पॅट्रिकलाही. पाचव्या आठवड्यात तिच्या डाव्या हाताने पावाची लादी सुरीखाली दाबून धरली, तेव्हा तिने ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला नेऊन दाखवली. तिला एकच हवं होतं, समुद्राकडच्या आपल्या घरी जायचं आणि तिथेच मरायचं. “पण घाई नाही हां,” असंही वर सांगायची.

शेवटची चाचणी तेवढी राहिली होती, एकटीने चहा करून दाखवायची. ती मी मुद्दाम पुढे ढकलली. परक्या स्वयंपाकघरात कुणीही भांबावतं, म्हणून तिच्या घरी, तिच्या चुलीवर घ्यायची, मंगळवारी, असं मी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. आणि शुक्रवारी मी डब्लिनला प्रशिक्षणाला गेले. विषय होता, आपलं काम इतर विभागांना कसं समजावून सांगावं. दुपारी जेवणात सॅमन मासा होता.

किलियनला तिथेच सोडून मी डॉक्टर हार्नींना गाठलं. ते आमचे मोठे डॉक्टर, चालता चालता बोलणारे.

“डेर्व्हलाबाई, खाली बारा जण स्ट्रेचरवर पडलेत. तुमची मंगळवारची चहापार्टी होईपर्यंत त्यांना तिथेच ठेवू?”

“ती चाचणी माझी होती, डॉक्टर. फाइलवर लिहिलं होतं.”

“अहो, चहा करता येतो का हे बघायला पदवी लागते?”

“बघायला नाही लागत. काय बघतोय ते कळायला लागते.”

ते मनापासून हसले. “तुम्ही लोक फार गोड काम करता, मी नेहमी सांगतो सगळ्यांना. टोपल्या विणणं वगैरे. बरं, कागद पाठवा, समितीपुढे ठेवू. आणि सतरा नंबरला संडासाची उंच सीट हवीय, तेवढं बघता का?”

मला त्या माणसाची किळस आली. त्याहून जास्त माझी स्वतःची आली, कारण मी सतरा नंबरला गेले. त्या म्हाताऱ्याला सीट खरंच हवी होती.

मी कागद पाठवले. समिती दर तीन आठवड्यांनी बसायची. पहिल्यांदा फाइलच आली नव्हती. दुसऱ्यांदा एका साहेबांनी विचारलं की फिजिओचा अहवाल जोडलेला असताना हा दुसरा कशाला. तिसऱ्यांदा नाताळ आला. किलियनने मात्र आपली चूक सहीनिशी लिहून दिली. पोराची लाज तेवढी शाबूत होती.

मधल्या काळात मी दोनदाच वृद्धाश्रमात फिलोमिनाला भेटायला जाऊ शकले. पहिल्या खेपेला ती भडकलेली होती. “इथे मला स्वयंपाकघराच्या दारातही उभं करत नाहीत. म्हणे विम्याचा प्रश्न आहे. आणि पेल्याला चोच असते गं, तान्ह्या मुलाला देतात तशी! कधी नेतेस मला?” मी म्हटलं, “लवकरच.” दुसऱ्या खेपेला तिने ते विचारलं नाही. जेवायला काय होतं, ते सांगत बसली.

परवानगीचं पत्र अकराव्या आठवड्यात आलं. घरी नेऊन चाचणी घ्यावी, समाधानकारक वाटल्यास रुग्णाला घरी राहू द्यावं. मी त्याच दिवशी गाडी काढली. शेजारणीला फोन करून चुलीपाशी पीट आणून ठेवायला सांगितलं. वाटेत मी चक्क गात होते.

फिलोमिना खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस कुणीतरी छान विंचरून दिले होते.

“चला, फिलोमिना. घरी जायचंय. आज चूल पेटवायची.”

“आज?” ती काळजीत पडली. “आज गुरुवार ना? गुरुवारी पाय धुतात.”

“पाय उद्या धुतील. बाहेर गार आहे, स्वेटर घाला.”

तिने दाराकडे पाहिलं. तिथली मदतनीस मुलगी लगबगीने आली, हसऱ्या चेहऱ्याची, चांगली मुलगी. खुंटीवरचा स्वेटर काढून तिने फिलोमिनाचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा.

“त्यांना स्वतःला घालता येतो,” मी म्हटलं.

“असू दे हो, असं पटकन होतं. किती गुणी आहे आमची आजी, जराही त्रास देत नाही. हो की नाही?”

“हो,” फिलोमिना म्हणाली.

मुलगी खालून एकेक बटण लावत वर आली. गळ्याच्या बटणाशी पोचली, तेव्हा फिलोमिनाने आपणहून हनुवटी वर केली आणि तशीच धरून ठेवली. तिचा उजवा हात, तो चांगला हात, मांडीवर उताणा पडून होता.