पाचवे घर

मित्रांनो, मला हात लावू नका, नुसते ऐका. मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. वय चौऱ्याऐंशी वर्षे, वजन नऊशे चाळीस ग्रॅम. माझ्या पोटात एक फिरते चाक आहे आणि त्यात गोळ्यांसाठी सहा घरे. गेली चाळीस वर्षे ही घरे रिकामी आहेत. तुम्हाला वाटेल, मग आरामच की! पण काहीही न करता सज्ज राहणे किती थकवते, ते एकदा तासभर मूठ आवळून बसा म्हणजे कळेल.

माझा जन्म पोलादाच्या एका कांबेतून झाला. कुणी मला भोक पाडले, कुणी कानस मारली, कुणी अंगावर आकडे ठोकले. शेवटी एका वाफाळत्या द्रावणात बुडवून काढले, तेव्हा मला माझी काळीनिळी छटा मिळाली. तो खरे तर रंग नव्हे. तो मुद्दाम, बेताने आणलेला गंजच असतो, केसाहून कितीतरी पातळ. हा शहाणा गंज अंगावर असला की खादाड तांबड्या गंजाला सहजासहजी शिरकाव मिळत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉक्टरांच्या कात्र्या आणि चिमटे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या राखणदाराकडे मी दोन-तीन हातांतून फिरून आलो. सतरा वर्षे त्याच्या कमरेला लटकलो. सरावाच्या गोळ्या सोडल्या तर एकदाही उडालो नाही. ‘याच्या कमरेला तो आहे म्हणून चोर फिरकत नाहीत,’ असे लोक म्हणत. खरे-खोटे चोरच जाणोत.

राखणदारानंतर मी रीतसर परवान्यासह त्याच्या मुलाच्या नावावर झालो. हा मुलगा त्याच कारखान्यात कात्र्यांना झिलई देई. सगळे त्याला चकचक म्हणत. घरातली कडी, नळ, कुलूप, सायकलची घंटी, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. ‘आमच्या लग्नात हे माझ्याकडे कमी आणि हॉलच्या दाराच्या मुठीकडे जास्त बघत होते,’ असे त्याची बायको सांगे.

काळा धातू म्हणजे त्याच्या लेखी अर्धवट सोडलेले काम. त्यामुळे दर रविवारी सकाळी तो मला कपाटातून काढी. चाक उघडून एकेका घरात बोट घाली आणि मोठ्याने म्हणे, ‘एक रिकामं, दोन रिकामं...’ सहापर्यंत. मग नळी खिडकीकडे धरून डोळा लावी. मग फडके आणि झिलईचा लेप. तीन वर्षांत माझी काळीनिळी छटा गेली. पुढे आकडेही पुसट झाले. मी आरशासारखा चमकू लागलो. खरे सांगतो, तेव्हा मीही फुशारलो होतो.

बायको शेजारीच शिवत बसे. तीही त्याच कारखान्यात, ठोकणीच्या खात्यात होती. तिथल्या घणांनी तिचे कान तरुणपणीच घालवले. तिच्या दृष्टीने आमचा रविवार म्हणजे मुक्या माणसांचा खेळ.

चकचक गेला, आणि महिन्याभरात पोलीस चौकीचे पत्र आले: शस्त्र वारसाच्या नावावर करा किंवा परवाना असलेल्याला विका. दोन खोल्यांच्या त्या घरात मग माझ्यावरून खल सुरू झाला. आईजवळच राहणारी मोठी मुलगी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणाली, “बाबांचा हात लागलेली एवढीच वस्तू उरलीय. मी नाही विकू देणार.” धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणाला, “ताई, बाबांचा हात तर नळालाही लागलाय. तोही सोबत घेऊन फिरणारेस का? हा विकून आईला कानाची यंत्रं घेऊ. दारावर कोण धडका मारतंय तेही तिला कळत नाही.”

आई दोघांच्या ओठांकडे बघत होती. “भांडताय का माझ्यावरून?” तिने विचारले.

“नाही गं, बाबांवरून!” धाकटा ओरडला.

“मग चालू द्या,” ती म्हणाली.

शेवटी मला बघायला दातांचे एक डॉक्टर आले. त्यांना जुनी शस्त्रे जमवायचा नाद. त्यांनी खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला, माझ्या अंगावरून फिरवला आणि कपाळाला हात लावला.

“अरेरे! कोण घासत होतं हो याला?”

“बाबा. दर रविवारी,” मोठी अभिमानाने म्हणाली.

“माझ्याकडे असे पेशंट येतात. दिवसातून चार वेळा दात घासतात, वरचं कवच घालवून बसतात आणि वर मलाच विचारतात, एवढी काळजी घेऊनही असं कसं झालं?” डॉक्टरांनी मला हळूच खाली ठेवले. “मूळ छटा हीच याची किंमत होती. ती असती तर तुमच्या आईंच्या दोन्ही कानांची सोय झाली असती. आता जेमतेम एका कानाची.”

डॉक्टर गेल्यावर धाकट्याने मला उचलून उजेडात धरले. मग म्हणाला, “म्हणजे बाबांनी चाळीस वर्षं खपून आईचा एक कान घासून टाकला!” बोलला आणि हसला, पण डोळे भरले होते. “जाऊ दे ताई. एवढ्यासाठी कशाला विकायचा? ठेव तुझ्याकडेच.”

मोठीने परवान्याचा अर्ज भरला. मला कपाटात ठेवून किल्ली बटणांच्या डब्यात टाकली.

तिच्या सहा वर्षांच्या मुलीला सगळे ठिपकी म्हणतात, हनुवटीवरच्या तिळामुळे. पुढच्याच रविवारी मोठी कामावर गेली असताना ठिपकीला बाहुलीसाठी बटण हवे होते. बटणांत किल्ली मिळाली. आजी हातभर अंतरावर, पाठ करून शिवत होती. कुलूप उघडले, कपाटाचे दार करकरले, आजीची सुई चालूच राहिली.

ठिपकीने मला दोन्ही हातांनी उचलले. आजोबांचे तिने नीट पाहिले होते. चाक उघडून बोट घालत म्हणाली, “एक रिकामं. दोन रिकामं. तीन. चार. सहा रिकामं!” चाक बंद केले. आणि आजोबांसारखाच नळीला डोळा लावला. आजोबा चाक उघडे ठेवून बघत, एवढेच तिच्या लक्षात आले नव्हते.

मित्रांनो, मी रिकामाच होतो. मला ते ठाऊक होते. तरीही चौऱ्याऐंशी वर्षांत मला इतका थकवा कधी आला नव्हता.

मोठी दारात उभी होती. चप्पल अजून पायातच. ती ओरडली नाही. रोज कामावरून आल्यावर बोलते तशा साध्या आवाजात म्हणाली, “ठिपके, पाचवं राहिलं गं.”

ठिपकीने जीभ चावली. “हो की!” तिने मला खाली घेतले आणि चाक पुन्हा उघडले. मोठीने दोन पावलांत येऊन मला काढून घेतले. मग ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिने माझ्या पाचव्या घरात बोट घातले आणि काढायचे विसरली. आजीने तेव्हा कुठे मान वळवली.

संध्याकाळी धाकटा समजावू लागला, “अगं, त्यात गोळी कधी नव्हतीच.”

“मला माहितीय. तिला कुठे माहीत होतं? तिने पाचवं बघितलंच नाही.” मोठीने परवान्याचा अर्ज फाडला. “डॉक्टरांना बोलाव. एका कानाचे तर एका कानाचे.”

चौकीत मला डॉक्टरांच्या नावावर करून सोपवताना तिने चाक उघडले आणि अधिकाऱ्यासमोर सहाही घरे मोठ्याने मोजली. पाचव्यापाशी जरा जास्त थांबली.

आता मी दवाखान्यात, काचेच्या पेटीत असतो. माझ्या नळीत खुंटी ठोकून मला कायमचे निकामी केले आहे. चाक तेवढे फिरते. डॉक्टर मला घासत नाहीत, पातळ तेलाचा हात फिरवतात, एवढेच. माझी आवळलेली मूठ सुटली.

मध्यंतरी आई कवळीचे माप द्यायला आली होती. एका कानात नवे यंत्र होते. डॉक्टरांनी पेटी उघडून माझे चाक हळूच फिरवले. कट्, कट्, कट्. ती दचकली. मग वाकून मला म्हणाली, “म्हणजे दर रविवारी तुम्ही दोघं एवढा आवाज करत होतात होय!”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जरूर जपा. पण फडके उचलण्याआधी तिच्या अंगाला काय सोसते ते विचारून घ्या, आणि ती घरात ठेवायची की नाही हे ठरवताना घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या उंचीवरून एकदा बघा. माझ्यावर प्रेम करणाऱ्याने माझी छटा घालवली, याचा मला राग नाही. पण पाचवे घर राहून गेले होते, ते मात्र मी विसरू शकत नाही.