गुरुवारची सुरमई

माझ्या भावाला चाकणला नोकरी लागू नये म्हणून मी मिनीबसभर माणसं घेऊन समुद्रावर गेले, आणि ज्याच्या हातात ती नोकरी होती तो माणूसही त्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. याला कुणी मूर्खपणा म्हणेल. म्हणू दे.

मी राहते चाकणला; माझं माहेर अलिबागच्या पुढं, खारशेतला. समुद्राला लागून नारळाची वाडी, वाडीत घर, घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी, पुढं पडवी आणि रस्त्यावर पाटी: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. वडिलांनी सुरू केलेली ही सोय आता माझा धाकटा भाऊ ज्ञानेश आणि त्याची बायको सायली चालवतात. चालवतात म्हणजे ढकलतात. मे महिन्यात आंब्याफणसाबरोबर माणसंही येतात, आणि प्रत्येकाला एसी हवा असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या आणि खोल्यांच्या भिंतींना बुरशी. नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू होते, पण गणपतीत खोल्या भरतात त्या नातेवाइकांनी, आणि ते फुकट राहून वर चहाला नावं ठेवतात. पुढं दिवाळी, नाताळ, थर्टी फर्स्ट. मग शनिवार-रविवारी एखाददुसरी गाडी. बाकी आठवडाभर ज्ञानेश पडवीत बसून कावळे हाकतो.

या जानेवारीत त्याचा फोन आला. "ताई, बास झालं. भाओजींना सांग, मला तिकडं कंपनीत चिकटवा. सायलीही येईल. घराला कुलूप लावतो."

आई गेली, वडील गेले. त्या घराला कुलूप लागलं की मी माहेर म्हणून कुठं जायचं? एसटी स्टँडवर जाऊन बसायचं आणि परत यायचं? मी फोनवर काही बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडण झालं असतं. पण माझे यजमान ओंकार फार कामसू. त्यांनी त्याच संध्याकाळी हिंदुरावांच्या कानावर घातलं.

हिंदुराव म्हणजे आमचे घरमालक. मूळचे चाकणजवळचे शेतकरी. जमीन कंपन्यांना गेल्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, कंपन्यांना माणसं पुरवायला सुरुवात केली आणि ती माणसं पोचवायला मिनीबसही घेतली. माणूस दिलदार. फक्त दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही.

"पोरगं आदी डोळ्यांनी बघतो," ते म्हणाले. "कामाचं असलं तर एक तारखेपासनं लावून टाकू."

तिथं माझं डोकं चाललं. आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी समुद्रावर जातं तेव्हा चाकण कामावर असतं, आणि ज्ञानेशच्या खोल्या ओस पडलेल्या असतात तेव्हा चाकण लोळत असतं. ही माणसं खारशेतला नेली आणि त्यांना चटक लागली, तर ज्ञानेशला कुलूप लावायची गरजच काय? हिंदुरावांना म्हटलं, तिथंच येऊन बघा की भावाला. ते लगेच तयार झाले. ओंकारच्या शिफ्टमधली पोरं, आमच्या चाळीतली दोन बिऱ्हाडं आणि हिंदुरावांची आई छबूबाई, जिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. ग्रुपवर विचारलं, जेवायला काय? सुरमई, पापलेट, कोलंबी. पटापट अंगठे पडले.

आता तुम्ही म्हणाल, गुरुवारी? एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही? नाही आलं. आमच्याकडं त्या दिवसाला गुरुवार कुणी म्हणतच नाही. सुट्टी म्हणतात. आणि सुट्टीला मासे खाण्यात काय वाईट आहे?

पहाटे निघून दुपारी पोचलो. ओहोटी होती, वाळू लांबवर मोकळी पडलेली. हिंदुरावांनी ड्रायव्हरला उठवून स्वतः चाक हातात घेतलं आणि गाडी थेट वाळूत नेली.

ज्ञानेश पळत आला. "भाऊ, वर लावा. भरती येते इथपर्यंत."

"भावा, ही गाडी चाकणच्या चिखलातनं पावसाळाभर चालती. तू वाळूचं काय सांगतोस?" हिंदुरावांनी कमरेवर हात ठेवून किनारा डोळ्यांनी मोजला. "एवढी मोकळी जागा! कुनाच्या नावावर हाय?"

"सरकारच्या."

"तरीच पडीक हाय."

छबूबाई मात्र पाण्याकडं बघत उभी होती. "ह्ये सगळं पानीच व्हय?" तिनं मला विचारलं. "आन आमी टँकरला फोन लावतो."

पंगत पडवीत बसली. सायली पहाटेच बंदरावर जाऊन कोळणींशी घासाघीस करून मासळी घेऊन आली होती. सुरमईच्या तळहाताएवढ्या तुकड्या, रव्यात घोळवून तळलेल्या. वास असा की ओंकारचा मित्र प्रज्वल, जो बसमध्ये वाटभर ओकत आला होता, तो सगळ्यांत आधी मांडी घालून बसला. ताटं वाढली. हात ताटाकडं गेले.

"पोरी," छबूबाई म्हणाली, "आज वार कंचा?"

"सुट्टी," चारजण एकदम म्हणाले.

"सुट्टी ठावं हाय मला. वार कंचा?"

सगळे हात ताटाच्या वर तसेच थांबले. मी सायलीकडं बघितलं, सायलीनं ज्ञानेशकडं आणि ज्ञानेशनं आढ्याकडं.

"आजी, मी तर फक्त शनिवार पाळतो," प्रज्वल म्हणाला. तो लातूरचा.

"मंग आज बी पाळून बघ. झिजत न्हाईस."

हिंदुरावांनी तुकडी उचललेली होती. ती त्यांनी हळूच ताटात ठेवली आणि हात मागं नेऊन पडवीच्या खांबाला पुसला. आईसमोर पहिला घास घेण्याची हिंमत त्यांचीच झाली नाही, तिथं त्यांच्या माणसांची काय होणार? एकेक करत सगळ्यांनी ताटं पुढं सरकवली. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. भावाचा धंदा दाखवायला आणलेली ही माणसं, आणि भावाचा धंदा ताटात तसाच पडलेला.

सायली वळली. आत गेली, चूल पुन्हा पेटवली. वालाचं बिरडं, बटाट्याच्या काचऱ्या, भात, सोलकढी. उरलेली मासळी मसाला लावून बर्फात गेली. तळलेल्या तुकड्या गेल्या मांजरांना. खारशेतची मांजरं गुरुवार पाळत नाहीत.

बिरडं सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं आणि पडवीत जो तो आडवा झाला. चहा पिऊन निघायचं ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची फर्स्ट शिफ्ट. चहा उकळत असताना ज्ञानेश ओरडत आला. "भाऊ, गाडी!"

गाडीच्या चारी बाजूंनी समुद्र होता. चाकं निम्मी वाळूत, उरलेली पाण्यात, आणि प्रत्येक लाटेबरोबर गाडी मान हलवत होती. हिंदुराव गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी फोन काढला. "चाकणवरनं क्रेन मागवतो," ते म्हणाले. त्यांना कुठलीही अडचण आली की चाकणवरनं क्रेन येते, असा अनुभव होता.

कोळी लोक आले, बघून हसले. म्हणाले, रात्रीच्या ओहोटीला अंधारात आम्ही दोर लावणार नाही, उद्या दुपारी पाणी उतरलं की ओढून काढू. म्हणजे फर्स्ट शिफ्ट गेली. कंपनीला फोन करायची वेळ हिंदुरावांवरच आली. आम्ही सगळे कान लावून उभे.

"साहेब, उद्या माझी पोरं येत न्हाईत. गाडीचा प्रॉब्लेम झालाय... न्हाई, रस्त्यात न्हाई... समिंदरात."

पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण हिंदुराव बराच वेळ नुसते "व्हय साहेब" म्हणत होते.

संध्याकाळी ज्ञानेशनं पोपटी लावली. खारशेतकडं थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यात शेंगा, बटाटे, रताळी भरतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. एरवी अंडी आणि कोंबडीही जाते. आज ती बाहेरच राहिली. छबूबाईनं पहिली शेंग सोलली आणि म्हणाली, "आमच्या हुरड्याच्या तोंडात मारंल की ही." चाकणकडची बाई दुसऱ्याच्या जेवणाचं याहून जास्त कौतुक करत नाही.

पोटात थोडं पडल्यावर चर्चा सुरू झाली ती बर्फातल्या मासळीची. गुरुवार संपतो कधी? प्रज्वल म्हणाला, रात्री बारा वाजता, मोबाईलमध्ये तारीखच बदलते. छबूबाई म्हणाली, मोबाईलला काय कळतंय, दिस उगवला की वार बदलतो. मग ओंकार म्हणाला, कंपनीत थर्ड शिफ्ट सकाळी सातला सुटते, तरी हजेरी आदल्या दिवसाचीच लागते.

"बघा," छबूबाई म्हणाली. "कंपनीला बी कळतंय." तिनं कंपनीचं काही बरोबर आहे असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ, असं हिंदुराव मला हळूच म्हणाले.

शुक्रवारी उजाडायच्या आत सगळे अंगावर चादरी घेऊन किनाऱ्यावर हजर. समुद्राकडं तोंड करून रांगेत बसले आणि सूर्याची वाट बघू लागले. आत तेल तापत होतं. उजेड वाढला, बगळे आले, तरी सूर्य येईना. ज्ञानेश पडवीतून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"आजी, इथं समुद्रात सूर्य मावळतो फक्त. उगवतो तो मागं."

सगळ्यांनी माना वळवल्या. सूर्य आमच्या संडासाच्या पत्र्यावर चांगला हातभर वर आलेला होता. मग जी पळापळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. फर्स्ट शिफ्टच्या भोंग्यालासुद्धा ही पोरं कधी इतकी धावली नसतील.

न्याहारीला सुरमई, न्याहारीला पापलेट, न्याहारीला कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. नुसते काटे काढल्याचे आवाज. ज्ञानेश वाढत होता, पाणी देत होता, संपायच्या आत भाकरी टाकत होता. सायलीचा तवा थांबत नव्हता. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात हिंदुरावांनी ढेकर दिली. "दीपमाला, तुजा भाऊ लई चपळ हाय. एवढी पंगत एकट्यानं सांभाळली. ठरलं, एक तारखेला लाईनवर घेतो. आन बायकोला कँटीनला लावू. बंद करून टाका ह्ये."

ज्ञानेशचं तोंड उजळलं. मीच हे घडवून आणलं होतं. त्याला इतका चांगला दाखवला की तो हातचा चालला. तुकडी हातात धरून मी नुसती बसून राहिले.

छबूबाई सावकाश काटा काढत होती. तिनं मान वर केली नाही. "हिंद्या, आपलं आंब्याखालचं रान कुटं हाय रं आता?"

"कंपनीत गेलं की, आई. तिथं पेंटशॉप हाय."

"आन बांधावरचा म्हसोबा?"

"तो बी आतच हाय."

"मागल्या साली म्या नारळ घेऊन गेले व्हते त्येला. गेटावर काय झालं, सांग ह्यास्नी."

हिंदुराव ताटात बघू लागले. तेव्हा तिनंच सांगितलं. "पोऱ्यानं अडवलं. माजा फोटू काढला. गळ्यात पट्टा घातला. म्हनला, कुनाला भेटायचंय? म्या म्हनलं, म्हसोबाला. त्यो म्हनतो, कंच्या डिपार्टमेंटला असतात?"

प्रज्वल आधी खूप हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

"माज्या सासऱ्यानं नांगरलेलं रान त्ये," छबूबाई म्हणाली. आता ती ज्ञानेशकडं बघत होती. "पैकं मिळालं. घर झालं, गाड्या आल्या, न्हाई म्हनत न्हाई. पन आज मला तिथं जायाचं तर पास लागतो, आन पाचला भाईर काढत्यात. कुलूप तू लावशील, बाळा. किल्ली कायम तुज्याकडंच ऱ्हाईल असं न्हाई."

सायलीनं तवा उतरवला आणि दाराशी येऊन उभी राहिली.

हिंदुरावांनी हात धुतले. टॉवेलनं पुसत पुसत म्हणाले, "ज्ञानेश, एक तारखेला जागा न्हाई."

"भाऊ, आत्ता तर म्हणालात."

"आत्ता व्हती. भरली." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "पन माजं ऐक. बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की माजी एक गाडी हितं येनार. दर बुधवारी. रातच्याला मासं, गुरुवारी तुमचं त्ये बिरडं आन समिंदर. चाकणात एवढ्या कंपन्या, एवढी मानसं, सुट्टीच्या दिवशी टीव्ही बघून मरत्यात. मावतील का तुज्या चार खोल्यांत?"

ज्ञानेशनं एकदा समुद्राकडं बघितलं, एकदा आपल्या बायकोकडं. सायली म्हणाली, "पडवीत अजून आठ गाद्या पडतील."

"दहा पडतील," ज्ञानेश म्हणाला. "होडीची जाळी तिथून हलवली तर."

मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. सगळ्यांसमोर, हातात सुरमईची तुकडी, नाकाडोळ्यांतून पाणी. सायली घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ताई, तिखट झालंय का हो?"

"झालंय," मी म्हणाले. "अजून एक वाढ."