बारा बटणं आणि सासूबाईंची बादली

बारा बटणांच्या सावल्या मी एकट्यानं हुसकावून लावल्या, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. आज खरं सांगतो. म्हणजे बऱ्यापैकी खरं.

माझी बायको शिंगाची बटणं करायची. त्याआधी आठ वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसून तिची मान धरली होती. म्हणून रजा टाकून तिनं घरातल्या खिडकीशी कानस आणि करवत मांडली. मसुराच्या दाण्याएवढ्या बटणापासून कोटाच्या बटणापर्यंत सगळी काळीभोर, आणि चकचकीत इतकी की मी त्यांत पाहून दाढी करायचो. डावा गाल एका बटणात, उजवा दुसऱ्यात.

कोट विकणाऱ्या एका मोठ्या दुकानानं आपल्या कॅटलॉगात तिला एक पान द्यायचं ठरवलं. पान मिळालं तर बायको खिडकीशी राहणार, नाही तर रजा संपून सोमवारपासून पुन्हा मशीन. फोटोवाला घरचाच, म्हणजे मी. तोवर मी फक्त माणसांचे चेहरे टिपलेले. दुकानाची चिठ्ठी आली: ‘प्रत्येक बटणाचा फोटो सावली काढून पाठवावा.’

मी काढली. अशी काढली म्हणता! दिवा आडवा लावून एकेका बटणाची चार-चार बोटं लांब सावली काढली. मसुराएवढं बटण, पण सावली पाहावी तर सरदाराची. ऐटीत पाकीट पाठवून दिलं.

बुधवारी पाकीट परत. सोबत दोन ओळी: ‘सावली काढा म्हणजे घालवा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वाट पाहू.’

बायको कपाटातून कारखान्याचा निळा डगला काढून झटकायला लागली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी लागलो कामाला. उजवीकडून दिवा लावला, सावली डावीकडे. डावीकडून दुसरा लावला, तर आता सावल्या दोन. तिसरा लावल्यावर बटणाभोवती सावल्यांचं कुटुंबच बसलं, आणि त्यातली एक माझ्याकडे पाहून हसली. शपथेवर सांगतो.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला होत्या. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत तीस वर्षं नर्स होत्या. मोठमोठे डॉक्टर त्यांच्यापुढे गप्प बसायचे, तिथे मी कोण!

“काय चाललंय, जावईबापू? बटणाला ताप आलाय का?”

“सावली जात नाही, आई.”

“दिवा अस्सा उघडा डोळ्यात खुपसल्यावर कशी जाईल? आमच्या खोलीत डॉक्टर पोटात हात घालायचे, तरी हाताची सावली पडायची नाही. का? वर एक दिवा नसतो, मोठं ताटच असतं दिव्यांचं. एकानं पाडलेली सावली दुसरे पुसतात. उजेड सगळीकडून आला पाहिजे, आणि मऊ.”

“मऊ उजेड कुठून आणू?”

त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि आपली बादली घेऊन आल्या. दुधी प्लॅस्टिकची, पातळ, वीस वर्षं वापरलेली. त्या बादलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ती पालथी घालून त्यांनी हात पुढे केला.

“कात्री.”

“आई, तुमची बादली...”

“कात्री द्या, तोंड नको.”

त्यांनी बुडाला कॅमेऱ्याच्या भिंगाहून जरा मोठं भोक पाडलं. मग भिंतीवरची आमच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवून काच तेवढी घेतली. “तुमची तोंडं नंतर बघू.” चार कप पालथे, त्यांवर काच, खाली पांढरा कागद. काचेवर बटण ठेवलं, म्हणजे उरलीसुरली सावली खाली कागदावर पडेपर्यंत विरून जाणार. त्यावर पालथी बादली, बाहेरून चहूबाजूंनी घरातले सगळे दिवे, वरच्या भोकातून कॅमेरा.

मी आत डोकावलो. बटण नुसतं उजेडात बसलं होतं. खाली काही नाही, बाजूला काही नाही.

बायको हातातला डगला तसाच धरून पाहायला आली आणि म्हणाली, “अगं आई!” तेवढंच.

शुक्रवारी सकाळपर्यंत बारा बटणं टिपून, धुऊन, छापून झाली. मी पाकीट घेऊन धावत दुकानात पोचवलं. परत आलो तो घाबराघुबरा.

“आई, घात झाला! माझीही सावली गेली. रस्ताभर बघतोय, कुठ्ठे दिसत नाही. बादलीत अडकली का बघा!”

“बारा वाजलेत, जावईबापू. ऊन डोक्यावर आहे. पायाखाली बघा.”

पान मिळालं. कॅटलॉग घरी आला तेव्हा मी भिंग घेऊन एकेक बटण तपासलं. सावली नावालाही नव्हती. पण नवव्या बटणाच्या चकाकीत मोहरीएवढं काहीतरी होतं. नीट पाहिलं तर डोळा! “झालं का?” म्हणत सासूबाई मधेच भोकापाशी वाकल्या होत्या, तेव्हाच माझं बोट दाबलं गेलं होतं.

“मेलं, बादली माझी, अक्कल माझी, आणि फोटोत आला एकच डोळा?” त्या म्हणाल्या. “दुसरा कुठाय?”

“तो माझ्यावर होता, आई.”

बायको इतकी हसली की हातातली कानस पडली. निळ्या डगल्याचं तिनं बटणं पुसायचं फडकं केलं होतं, त्यानंच डोळे पुसले. सासूबाईंना मी नवी बादली आणली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाल्या, “जाड आहे. हिच्यातून उजेड यायचा नाही,” आणि अंघोळीला घेऊन गेल्या.

त्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जुनी बादली पिवळी पडली, तरी अंगठी असो की घड्याळाचं चाक, मी तिच्याखालीच ठेवतो. दिवे लावायच्या आधी कात्री जवळ आणून ठेवतो. कापायचं काही नसतं. पण मागितली तर हाताशी असावी.