बैलांसमोर ‘हो’ म्हणू नये

उकंडरावानं खामगावच्या एका कापसाच्या जिनातून जुना खराद कशाच्या बदल्यात आणला, हे मनकर्णाबाईसमोर कोणी विचारत नसे. विचारायची गरजही नव्हती. खराद आला त्याच दिवसापासून गोठ्यातली दुसरी म्हैस दिसेनाशी झाली, आणि टेंभीखेडच्या लोकांना एवढी वजाबाकी येत होती.

खराद म्हणजे लाकूड-लोखंड फिरवून गोल कातायचं यंत्र. संग्रामपुराच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी कातण्यासारखं गोल काय आहे, असं कोणी विचारलं की उकंडराव बोटांवर मोजून सांगे: गाडीचे आख, मोटेची चाकं, पाळण्याचे खूर. चौथ्या बोटाशी तो जरा अडखळे आणि मग पुन्हा आखांकडे येई.

म्हशीच्या रिकाम्या जागी त्यानं कारखाना मांडला. यंत्राचे पाय आणि लांब पाटा गोल ओंडक्यांवरून ढकलत आत नेला. राहिलं ते डोकं. खरादाचं डोकं म्हणजे सहा मण बीड, ओतीव लोखंड. त्यातच ते फिरणारं चाक असतं आणि त्याच्याशिवाय बाकीचं यंत्र म्हणजे नुसतं बाकडं. खामगावच्या गाडीवानाला परतायची घाई होती. ‘जरा इथं ठेवतो’ म्हणत त्यानं गाडी मागून उलटी केली, डोकं अंगणात पाडलं आणि बैल हाकले. ‘इथं’ म्हणजे नेमकं पेवाच्या तोंडावर.

पेवात घराची वर्षाची ज्वारी होती. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा, वर फरशी, आणि आता फरशीवर सहा मण डोकं. मनकर्णाबाईनं पिठाचं मडकं कलतं करून आत पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, “चार दिवसाचं पीठ हाये. सरलं का मी माह्या चारी भावाईले बलावते. ते लोखंड गाडीत घालतीन आन आलं तिथं नेऊन टाकतीन. मंग म्हशीसाठी रडा का खरादासाठी, तुमची मर्जी.”

गाडीत घालायलाही ते आधी उचलावंच लागेल, हा मुद्दा उकंडरावाच्या मनात आला. पण संसारात मुद्दा मनात येणं वेगळं आणि तोंडात येणं वेगळं. शिवाय चारी मेहुण्यांचे दंड त्यानं पाहिले होते.

जिनातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला निघताना बजावलं होतं की जड लोखंड ताकदीनं नाही, सबुरीनं उचलतात. दोर आणि लाकूड आधी तपासायचं. लटकत्या वजनाखाली ना हात, ना पाय. पहिल्यांदा बोटभर उचलून थांबायचं, काही करकरतं का ऐकायचं. आणि हुकूम देणारं तोंड एकच पाहिजे. उकंडरावानं हे चारी नियम कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहून काढले. पहिले तीन गावाला पटले. चौथा वाचून लोक हसले.

पहिल्याच सकाळी नऊ माणसं जमली. नऊ जणांनी मिळून अकरा सल्ले दिले. पुंजाजीनं एकट्यानं तीन दिले, त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध. वामनराव एकदा एका दाव्यासाठी नागपूरपर्यंत जाऊन आला होता, त्यामुळे प्रांताच्या राजधानीत लोखंड कसं उचलतात हे त्याला ठाऊक होतं. कसं, ते तो सांगत नव्हता. इथं चाललंय तसं नाही, एवढंच सांगत होता. दुपारी बांबू मोडला. सुदैवानं पाय कोणाचाच खाली नव्हता. मग कष्टाची माणसं म्हणून सगळे जेवायला बसले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, फक्त बांबू जाड होता. दोन दिवसांत डोकं तसूभर हललं नाही आणि मडक्यातलं चार दिवसांचं पीठ तळाला गेलं. मनकर्णाबाईनं चुलीमागच्या भिंतीवर भाकरीगणिक एक रेघ ओढली होती. पुंजाजीच्या रेघा दुसऱ्या ओळीत गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी उकंडरावाला मोट आठवली. कडूबाची मोट. बारा वर्षं एकाच विहिरीवर राबलेली त्याची बैलजोडी रोज असलंच वजन वर काढत होती. उकंडरावानं बाभळीच्या तीन ओंडक्यांची तिकाटी पेवावर उभी केली आणि तिचे पाय हातभर खोल पुरले. माथ्यावर मोटेचं चाक बांधलं, दुसरं एका पायाच्या बुडाशी, आणि नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, दोन्हींतून ओवून बैलांपर्यंत नेला. दोराचा वीत न् वीत त्यानं हातानं चाचपला. बेत असा की डोकं गुडघाभर वर घ्यायचं, खाली लाकडी घसरगाडं सारायचं, त्यावर हळूच सोडायचं आणि ओढत गोठ्यात न्यायचं. मिस्त्री असता तर त्यानं पाठ थोपटली असती.

कडूबानं बैल चालवले. डोकं बोटभर उठलं. उकंडरावानं हात वर केला, सगळे थांबले. काहीच करकरलं नाही. वीतभर आलं. गुडघ्याला आलं. घसरगाडं सारायला पुंजाजी वाकला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मनकर्णाबाईनं विचारलं, “निंघालं का होऽ?”

बैल मागं चालू लागले.

मोटेचा बैल पुढं जातो तो पाणी काढायला आणि उलट्या पावली मागं येतो तो मोट पुन्हा विहिरीत सोडायला. मागं बोलवायला कडूबा बारा वर्षं एकच शब्द वापरत आला होता: लांब ओढलेला ‘होऽ’. बैलांना आवाज बाईचा की बुवाचा याच्याशी कर्तव्य नव्हतं. डोकं आपल्या जागी येऊन बसलं, नीट, मोजल्यासारखं. पुंजाजीनं हात वेळेवर काढला आणि गोठ्याच्या भिंतीवरची दुसरी ओळ पुन्हा वाचून आला.

उकंडरावानं सगळ्यांना बजावलं की आता इथं कोणी ‘हो’ म्हणायचं नाही. होकार द्यायचा तर ‘हाव’ म्हणा. पुन्हा नाडा ताणला, पुन्हा डोकं गुडघ्याला आलं, आणि बरोबर उचललंय का असं उकंडरावानं वामनरावाला विचारलं. ‘हाव’ म्हणणं नागपूर पाहिलेल्या माणसाला गावंढळ वाटलं. त्यानं मान डोलावत, शुद्ध आणि लांब, “होऽ” म्हटलं.

तिसऱ्या खेपेला पुंजाजीचा चौथा सल्ला मानला गेला. कापसाचा मुलूख, बैलांच्या कानात कापूस कोंबला. त्यामुळे बैलांना ‘हो’ ऐकू आलं नाही हे खरं, पण ‘चला’ही ऐकू आलं नाही. ते डोळे मिटून रवंथ करत बसले. कडूबानं बोळे काढले आणि सांगितलं की माझी जनावरं हुशार हायेत म्हणून हे होऊन राह्यलं. तुमच्यावानी असती तर पहिल्याच खेपेला काम झालं असतं.

एवढ्यात मनकर्णाबाई रिकामं मडकं घेऊन बाहेर आली. ते तिनं पेवाजवळ पालथं घातलं. उकंडरावानं घाईनं खुलासा केला की उशीर माणसांमुळे नाही, तिच्या हाकेमुळे झाला. तिनं ती हाक मारू नये, बस्स.

“मंग काय म्हणू तुमाले?” तिनं विचारलं.

नवऱ्याचं नाव घेणं शक्य नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि ते नाव तिनं उखाण्यातच काय ते घेतलं होतं. दर खेपेला एक उखाणा म्हणायचं ठरवलं तर डोकं हवेत असताना यमक जुळेपर्यंत थांबावं लागलं असतं. वामनराव खाकरला, पण त्याला नागपूरचं काही आठवलं नाही.

मनकर्णाबाईनं बैलांकडे पाहिलं, मग गोठ्याच्या भिंतीकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळी तीन दिवस कानावर पडत होत्या. ती कडूबाला म्हणाली, “तोंड एकच पायजे ना? मंग माह्यं. तसंही ते माह्यंच आयकून राह्यले.”

कडूबानं उकंडरावाकडे पाहिलं. उकंडरावानं पालथ्या मडक्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

तिनं बैल चालवले. बोटभर उठवून थांबवले. नवऱ्यापेक्षा जास्त वेळ थांबवले. मग गुडघ्यापर्यंत. पुंजाजीनं लांब बांबूनं घसरगाडं खाली सारलं, हात न घालता. आता फक्त एक शब्द आणि डोकं गाड्यावर. पण तिनं तो शब्द काढला नाही. पदर खोचून ती नवऱ्याकडे वळली.

“हे गोठ्यात जाईन का खामगावले, ते मी आता ठरवते. गोठ्यात ठेवाचं असंन तर आयका. इथून पुढं अंगणात काही उतरवाचं तर पह्यले मले पुसाचं. कबूल?”

उकंडरावाच्या ओठांवर ‘हो’ आलं आणि दातांनी ते आत ढकललं. ‘हाव’ म्हणायचं त्याला भीतीनं सुचलंच नाही. त्यानं नुसती मान हलवली.

“पह्यली जी वस्तू कातसान, ती माह्या जात्याचा खुटा. आख मंग.”

मान हलली.

“आन ज्याच्या ज्याच्या नावच्या रेघा चुलीमागं हायेत, त्याईनं आज दयन दयाचं. वामनभाऊजी, तुमी पन.”

दळण हे बाईचं काम. पुरुषानं जात्याला हात लावला तर गाव वर्षभर पुरवून हसतं. नकार द्यायला वामनरावानं तोंड उघडलं. कडूबानं बोट ओठांवर ठेवून बैलांकडे खूण केली. वामनरावाला नकाराचा शब्द आणि होकाराचा शब्द यांतला फरक बैलांना कितपत कळतो याची खात्री नव्हती, आणि तो डोक्याच्या सगळ्यांत जवळ उभा होता. त्यानं तोंड मिटलं. एकापाठोपाठ एक नऊ मुंडाशी खालीवर झाली.

“होऽ,” मनकर्णाबाई म्हणाली.

डोकं घसरगाड्यावर अलगद टेकलं. दिवेलागणीच्या आत ते गोठ्यात पाट्यावर चढलं. पेवाची फरशी काढून आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, दोरीनं दिवा सोडून तो विझत नाही हे पाहिलं, आणि मगच ज्वारी वर काढली.

जात्याशी आधी उकंडराव आणि वामनराव समोरासमोर बसले. दोघंही आपापल्या बाजूला ओढत होते, त्यामुळे जातं बराच वेळ जागीच होतं. पीठ निघालं ते रव्यासारखं. त्याच्या भाकरी थापताना कडेनं फाटल्या आणि तव्यावर तुकडे झाले. मनकर्णाबाईनं ते तुकडे दळणाऱ्यांच्याच ताटात वाढले. आज रेघा कशा ओढायच्या, असं पुंजाजीनं हळूच विचारलं; ती म्हणाली, अख्खी भाकर झाली का ओढीन.