आवाज पिणारे दिवे

छतावरच्या ट्यूब विझल्या, नवे दिवे लागले आणि त्या दालनातला गलका खरोखरच ओसरला. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं ते कार्यालय. उंच छत, काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी. एकाने शिंकावं आणि सगळ्यांनी दचकावं अशी जागा. तिथे त्या दिवशी पंख्याची घरघर ऐकू आली. आपला पंखा घरघरतो हे इतकी वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं.

“पाहिलंत?” दीपबाबा दोन्ही हात पसरून मधोमध उभे होते. “आवाज हा अंधाराचा सावत्र भाऊ, लेकरांनो! हे साधे दिवे नव्हेत, मौनदीप आहेत. गुहेत बसून एकेका दिव्यात मी माझं मौन ओतलंय. आता ते तुमचा आवाज पितील.”

“पाणी पितात तसे?” मागून कुणीतरी विचारलं.

“घटाघट!” बाबा म्हणाले. “फक्त त्यांना हात लावायचा नाही. हात लागला की मौन उतरलंच.”

हिशेबनिसांच्या डोळ्यांना धारा लागल्या. साहेब वाकले. दिवे होतेही देखणे. छत्रीच्या घेराचे, करडे, उलट्या हंड्यासारखे, प्रत्येक टेबलावर एकेक खाली लोंबणारे. त्यांचा पिवळसर मंद उजेड तेवढ्या टेबलापुरताच पडे.

कडेच्या टेबलावरच्या ताईंनीही हात जोडले, पण बाबांना नव्हे. ‘कुणाच्या का हातून होईना, ऐकू आलं रे देवा,’ असं त्या मनात म्हणाल्या.

तापाच्या एका दुखण्यानंतर ताईंचा डावा कान मंद झाला होता. घरी भागायचं. पण कार्यालयाच्या कल्लोळात उजव्या कानातले शब्दही एकमेकांत मिसळायचे. मग “काय म्हणालात? पुन्हा सांगा,” असं दहादा विचारायचं, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून आपणच ओरडायचं. मागे सगळे त्यांना ‘भोंगा’ म्हणत. त्यांना तेही ठाऊक होतं. तेवढं नेमकं ऐकू आलं होतं. संध्याकाळी घरी जाताना अंगात त्राण म्हणून उरत नसे.

मौनदीपांखाली त्या पहिल्यांदा सुखाने काम करू लागल्या. पण सुख म्हटलं की त्याला भक्त लागतातच.

झालं असं, की दिव्यांतून अधूनमधून करडी बारीक लव झडायची. हिशेबनिसांनी ती चिमटीत धरली, कपाळाला लावली आणि जाहीर केलं, “बाबांचं मौन प्रसादरूपाने खाली येतंय!” लगेच पुड्या बांधल्या गेल्या. कुणी उशीखाली ठेवली, कुणी घोरणाऱ्या नवऱ्याच्या. पुढे कुणाच्या तरी मनात आलं, हा प्रसाद फरशीवर पडतो, पायदळी जातो, केवढं पाप! मग काठ्यांना चिमटे बांधून, हात न लावता, भक्तांनी प्रत्येक दिव्याला जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली आणि खालून गच्च आवळली. त्यामुळे उजेड कोंदला, म्हणून छतावरच्या ट्यूब पुन्हा लावल्या.

आणि गलका परत आला, पहिल्यासारखाच!

बाबांना बोलावणं गेलं. त्यांनी डोळे मिटून दालनभर चक्कर मारली आणि बरोबर ताईंच्या टेबलापाशी थांबले. ताई तेव्हा फोनवर एका म्हाताऱ्याला ओरडून विचारत होत्या, “यंत्र हलतं की बोलतं?”

“ही!” बाबा गरजले. “हिच्या घशात कर्कशदोष आहे. दिवे बिचारे पिऊन पिऊन फुगले. सोमवारी मी उतारा करतो. त्या दिवसापासून हिला इथून हलवा.”

साहेबांनी ताईंना काचेच्या खोलीत बोलावलं. “ताई, मन मोठं करा. सोमवारपासून तुम्ही गोदामात बसा. खोकी मोजायची, बोलायचं कामच नाही.”

“साहेब, मी बोलूनच पोट भरते. खोकी मोजायला ठेवलेलं माणूस किती दिवस ठेवतात, ते मला माहीत आहे.”

“माझ्या हातात असतं तर…” साहेब म्हणाले आणि हातातलं पेन न्याहाळत बसले.

घरी लेकीने हे ऐकलं आणि ती उसळली. “दोष घशात नाही, आई, कानात आहे! किती दिवस सांगतेय, डॉक्टरांकडे चल.”

“माझं आता कशाशीच भांडायचं बळ राहिलं नाही गं.”

“भांडू नकोस. नुसती चल.”

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना तपासणीच्या एवढ्याशा खोलीत बसवलं आणि दार लावलं. ताई थबकल्या. बाहेरचा रस्ता जणू कुणी पुसून टाकला होता. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. भिंतींना करडं, लवदार, जाड कापड लावलेलं होतं. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला लव लागली. तीच, पुडीतली!

“डॉक्टर, या भिंतींत मौन कुणी ओतलं?”

“ओतलं?” डॉक्टरीणबाई हसल्या. “नमदा आहे तो, ताई. लोकर दाबून केलेलं कापड. आवाज काचेवर, फरशीवर आपटला की चेंडूसारखा उसळून परत येतो. या मऊ तंतूंत शिरला की तिथेच विरतो.”

“आणि मंद उजेडानेही आवाज कमी होतो?”

“माझ्या बाहेरच्या खोलीत बघा. बत्ती मंद आहे, तर सगळे कुजबुजतात. लख्ख उजेडात तीच माणसं बाजार भरवतात. बहुतेकांचं असंच होतं.”

“आणि नमद्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली तर?”

“मग नमदा असून नसल्यासारखा. पण अशी पिशवी कोण कशाला चढवेल?”

ताईंनी सुस्कारा सोडला. “भक्त चढवतात, डॉक्टर.”

सोमवारी सगळे गोळा झाले. धूप लागला. बाबा मंत्राला सुरुवात करणार तोच ताई म्हणाल्या, “बाबा, दोष माझ्यात ना? मी बाहेर जाते. गलका थांबला तर गोदामातसुद्धा नको, थेट घरी जाईन.”

त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत बाबा मंत्र म्हणत होते, फोन खणखणत होते, माणसं माणसांवर ओरडत होती. साहेबांनी जोरात टाळी वाजवली. ती काचांवर ठणठणत राहिली.

ताई आत आल्या, खुर्ची ओढली, वर चढल्या आणि पहिल्या दिव्याची पिशवी सोडवली.

“अहो, हात लागला!” हिशेबनीस किंचाळले.

“लागला. आता दुसऱ्यालाही लावते.”

ताई एकामागून एक पिशव्या उतरवत गेल्या. गुडघे दुखत होते, तरी थांबल्या नाहीत. शेवटी त्यांनी ट्यूब बंद केल्या. मंद उजेड टेबलांवर उतरला. बोलणाऱ्यांचे आवाज आपसूक खाली आले.

“साहेब, आता वाजवा टाळी.”

टाळी वाजली आणि तिथेच विरली. पंखा घरघरला.

“माझाच मंत्र फळला!” बाबा घाईने म्हणाले.

“मग पिशव्या पुन्हा घालू आणि तुम्ही म्हणा मंत्र. बघू कोण जिंकतं.”

घातल्या. ट्यूब लावल्या. बाबांनी घसा फुटेस्तोवर मंत्र म्हटला. त्याने गलक्यात भरच पडली. पिशव्या निघाल्या, ट्यूब विझल्या, बाबा गप्प बसले, आणि दालन शांत झालं. मग ताईंनी डॉक्टरीणबाईंकडून आणलेला नमद्याचा तुकडा हिशेबनिसांच्या पुडीशेजारी ठेवला. हिशेबनिसांनी दोन्ही चिमटीत घेऊन पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

बाबा खुर्चीत बसले. आवाजातली गुहा निघून गेली होती. “साहेब, गेल्या वर्षी शर्ट-पँटीत एक विक्रेता आला होता. हेच दिवे, हेच सगळं शास्त्र समजावत होता. तुम्ही म्हणालात, दिव्याने कधी आवाज कमी होतो का? आणि घालवून दिलंत. तो मीच. खरं सांगितलं तर दारात उभं करत नाहीत हो. भगवी शाल घेतली, तर तुम्हीच वाकलात.”

साहेबांचा चेहरा उतरला. ताईंना त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्यांना फक्त थकवा आला.

“दिवे तुमचे चांगले आहेत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण खरं कारण सांगितलं असतंत, तर पिशव्या कुणी घातल्याच नसत्या. चमत्कार बिघडला की दुरुस्त कसा करायचा ते कुणालाच कळत नाही. मग एखादं माणूस शोधावं लागतं, दोष चिकटवायला. ती मी झाले.” मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. “मीही देवाला मानते. पण ज्याने ऐकायला कान दिले, त्याने विचारायला जीभही दिली. ‘हे कसं होतं?’ एवढं विचारल्याने माझा देव रागावत नाही. तुमचा रागावत असेल, तर तो देव आहे का, तेवढं तपासून घ्या.”

साहेबांनी गोदामाचा विषय पुन्हा काढला नाही.

ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. तोच म्हातारा होता. आज तो हळू बोलत होता, आणि ताईंना त्याच्या शब्दांमधला दमलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

“पोरी, आज तरी ऐकू येतंय ना?”

“येतंय, काका,” ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “सावकाश सांगा.”