त्रेचाळीस रिकामी खोकी

आमच्या ह्यांना लोक ‘संग्राहक’ म्हणतात. म्हणोत बापडे. भंगारवाल्याच्या दारात तासभर घुटमळून कुणीतरी टाकलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून घरी आणणं, ह्याला संग्रह म्हणत असतील तर आमचे हे संग्राहकच. पण आणलेलं ते धूड चालू कोणी करायचं? टीव्हीच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात बावीस वर्षं काढलेली मी. ह्यांना साधा फ्यूज बदलता येत नाही. पाहुण्यांसमोर मात्र बटण दाबून असे छाती काढून उभे राहायचे, जसं काही अंडं ह्यांनीच घातलंय.

तीस वर्षांत त्रेचाळीस मशीनं जमली आणि त्रेचाळीसही चालत होती. ही काही सोपी गोष्ट नाही. जुनं मशीन नुसतं ठेवलं की मरतं. आतले कपॅसिटर पाझरतात आणि बोर्ड खाऊन टाकतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला थोडा वेळ वीज द्यायची, अशा पाळ्या मी वहीत लावल्या होत्या. ह्यांच्या पथ्यपाण्याकडे मी इतकं लक्ष दिलेलं नाही.

मग आमची इमारत पाडायचं ठरलं. तीन महिन्यांत जागा सोडायची आणि बदल्यात दोन खोल्यांत मावायचं. एक तर कुणीतरी पैसे घालून मशीनं सांभाळायची, नाहीतर ती आली तशी भंगारात जायची. माझी झोप उडाली. शेवटी नणंदबाईंनी एक प्रतिष्ठान शोधून काढलं. एका कारखानदाराने आईच्या नावाने काढलेलं. त्यांच्याकडे मोठं दालन होतं, पैसा होता, आणि ठेवायला काही नव्हतं.

त्यांचे तज्ज्ञ पाहणीला आले ते पांढरे हातमोजे घालून. मी एका मशीनमध्ये मनगटापर्यंत हात घालून बसले होते. मला म्हणाले, “वहिनी, माझा चहा बिनसाखरेचा.”

चहा नणंदबाईंनी केला. मी त्यांना पहिलं मशीन दाखवलं. आमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी आलेलं, टेपच्या कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारं. चार मिनिटं किंचाळतं आणि मग एकदम गप्प होऊन स्क्रीनवर एक निळा चौकोन काढतं. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा ही चारही मिनिटं हे श्वास रोखून माझ्या खुर्चीमागे उभे होते. चौकोन आला आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मला हा माणूस मनापासून आवडला होता. खोटं कशाला सांगू?

तज्ज्ञांनी दुसऱ्याच मिनिटाला घड्याळ पाहिलं. “अभ्यागत पाच सेकंदांच्या वर थांबत नाही,” ते म्हणाले. “आणि हा आवाज तर चालणारच नाही.”

आठवड्याने करार आला. कागदाच्या वर सोनेरी अक्षरांत ‘जतन करार’. ह्यांनी पहिलं पान वाचलं, त्यात आपलं नाव दोनदा पाहिलं आणि पेन उघडलं. मी सातवं पान वाचलं. ‘अंतर्गत घटक अभ्यागतांच्या सोयीनुसार बदलण्यात येतील.’ म्हणजे प्रत्येक मशीनचं पोट फाडायचं, आतडी फेकायची आणि आत बोटाएवढा नवा बोर्ड बसवायचा. बटण दाबलं की चित्र हजर.

“अहो, हे मशीनं मारणार आहेत,” मी म्हटलं.

“मारणार कसली? बाहेरून तशीच दिसणार ना?”

“बाहेरून तुम्हीपण तसेच दिसता.”

“दुसरं कोण घेणार आहे सांग! भंगारात घालू का? माझं तीस वर्षांचं काम आहे ते!”

*माझं*. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भंगाराचं ह्यांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. ह्यांनी सही केली. मी तज्ज्ञांना फोन लावला आणि सांगितलं, आतलं सामान मी स्वतः काढीन आणि घरी नेईन.

“न्या की, वहिनी. कचराच तो,” ते उदार मनाने म्हणाले.

अकरा दिवस मी बोर्ड काढत होते. प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर नंबर टाकला. नव्या घरात कपाटाऐवजी भिंतभर फळ्या ठोकून त्यांवर बोर्ड मांडले, एक जुना टीव्ही आणि कॅसेट प्लेअर ठेवला, लागतील तेवढी बटणं जोडली, आणि वर चादर टाकली. ह्यांनी चादरीखाली काय आहे ते कधी विचारलं नाही. तेवढं धाडस असतं तर सातवं पान वाचलं नसतं का?

उद्घाटनाला पुढच्या रांगेत ह्यांची खुर्ची, नणंदबाईंची खुर्ची. माझ्या नावाची चिठ्ठी कुठेच नव्हती. मी भिंतीला टेकून दीड तास उभी. पाटीवर ह्यांचं नाव, खाली ‘मूळ स्थितीत जतन’. कारखानदाराने बटण दाबलं, निळा चौकोन झटक्यात आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांनी मिळून बोटाएवढ्या बोर्डाला टाळ्या वाजवल्या. ह्यांनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले. वायरमनचेसुद्धा.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारी बाई पहिल्या मशीनपाशी आली. असल्याच मशीनवर तिने नोकरीभर काम केलं होतं. तिने बटण दाबलं, कान जवळ नेला आणि ह्यांना विचारलं, “हे ओरडत का नाही हो? आमचं तर ओरडायचं. ऑफिसभर ऐकू यायचं.”

ह्यांनी गळ्यातला हार सारखा केला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा ऐकलं. “आतून मेलंय वाटतं,” असं म्हणून ती निघून गेली.

घरी आल्यावर हे गळ्यातला हारही न काढता चादरीसमोर थांबले.

“तुझ्याकडे आहे ना ते?”

“कचरा आहे. तुमचे तज्ज्ञ म्हणाले.”

“माझं चुकलं,” हे म्हणाले. “सही करताना चुकलं. आज तिथे तुझं नाव घेतलं नाही, तेही चुकलं.”

तीस वर्षांत हे पहिल्यांदाच. मला रडू फुटणार होतं, पण इतक्या स्वस्तात मी रडणार नव्हते.

“मला नका सांगू. ज्यांची पोटं फाडलीत त्यांना सांगा. एकेकाला, चालू झाल्यावर. त्रेचाळीस आहेत.”

मी चादर ओढली आणि पहिल्या बोर्डाला वीज दिली. कॅसेट किंचाळू लागली. मी टीव्हीसमोर बसले. हे हार घालून माझ्या मागे उभे राहिले. चार मिनिटं लागतात. घरात दुसरी खुर्ची होती. मी ती दिली नाही.